खांदे खाली

फडतरे सर बाकाच्या त्या टोकाला आले, तशा आमच्या सासूबाईंनी डोळे मिटले आणि लोहाराच्या भात्यासारखा श्वास सुरू केला. नाकपुड्या फुगत होत्या, पोट आत-बाहेर होत होतं. शेजारी बसलेल्या डॉक्टर निकुंभांनी आपला चहाचा कप जरा लांब सरकवला. मी दुसऱ्या बाजूला होते. मलाही सरकायचं होतं, पण तिकडे तंबूचा खांब होता.

सर आले. सासूबाईंनी मधलं बोट पुढे केलं. ते आधीच स्वेटरच्या आत, काखेत धरून गरम करून ठेवलेलं होतं. सरांनी त्यावर चिमटा लावला. आकडा जरा घुटमळला आणि एक्क्याण्णववर थांबला.

“वा, मगदूम बाई. साठीला एक्क्याण्णव,” सर म्हणाले.

सासूबाईंनी डोळे उघडून निकुंभांकडे पाहिलं. निकुंभ नाशिकचे दातांचे डॉक्टर, वय पंचेचाळीस, सायकल आमच्या स्कूटरपेक्षा महाग. त्यांचा अठ्ठ्याऐंशी आला होता.

करोना सरून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे तो चिमटा काय असतो हे मला कुणी सांगायला नको होतं. सांगलीत आमचं औषधांचं दुकान आहे, तसले चिमटे मी शेकड्यानं विकलेत. एक पर्समध्येही होता. रक्तात प्राणवायू किती आहे ते तो सांगतो. आम्ही होतो हिमाचलात, लाहौलमध्ये, भागा नदीच्या काठी, साडेतीन हजार मीटरच्या आसपास. तिथे हवाच पातळ. म्हणून रोज सकाळी चहाबरोबर चिमटा. ऐंशीच्या खाली आला तर तंबूत पडून राहायचं. पंच्याहत्तरच्या खाली आला तर वाद न घालता गाडीत बसून मनालीला उतरायचं. आणि एकट्याला सोडायचं नाही. जो ज्याच्यासोबत आलाय त्यानं त्याच्यासोबत उतरायचं. हे नियम शिबिराचे प्रशिक्षक फडतरे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

पण ही पोहणं, सायकल, धावणं असं एका दमात करणारी मंडळी. त्यांच्यापुढे आकडा ठेवला की झालंच. तिसऱ्या दिवसापासून चिमट्याची शर्यत लागली. कुणी गरम पाण्याची पिशवी धरून बसायचं, कुणी रांगेत बसल्या बसल्या प्राणायाम करायचं. जोरजोरात श्वास घेतला की आकडा तेवढ्यापुरता चढतो, हा शोध निकुंभांनी लावला आणि सासूबाईंनी तो त्यांच्यावरच उलटवला. ही तपासणी आपल्या जिवासाठी आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

आता सासूबाईंबद्दल सांगते. त्रिशला मगदूम. मुलींच्या शाळेत तीस वर्षं खेळाच्या बाई. अर्ध्या सांगलीला त्यांनी कृष्णेत पोहायला शिकवलंय, आणि उरलेली अर्धी त्यांना घाबरून घाटावर फिरकली नाही. त्यांच्या वर्गात कुणी “बाई, जमत नाही” म्हटलं की मैदानाला दोन फेऱ्या. पोट दुखतंय म्हटलं तरी फेऱ्या, फक्त सावकाश. निवृत्त झाल्यावर बायका देवधर्म करतात, ह्यांनी सायकल घेतली.

मी हातकणंगल्याची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीत, आणि विहिरीत डोकावलं तरी आई ओरडायची. लग्न होऊन आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधून मला आयर्विन पुलाच्या सावलीत पाण्यात सोडलं. नवी सून, पाठीला भोपळा, घाटावर सगळी सांगली. पण शिकले. पुढे पुढे तर पाण्याखाली दम धरण्यात मी त्यांच्या जुन्या मुलींनाही ऐकेना. त्यावर शाबासकी कधी मिळाली नाही. मी वर आले की पायरीवरून एकच वाक्य यायचं, “सुजया, खांदे खाली.” दम धरला की माझे खांदे कानांना जाऊन लागतात, असं त्यांचं म्हणणं. मला स्वतःला कधी कळलं नाही. खांद्यांत ताकद घालवलीस तर दम कशाला पुरेल, असं त्या विचारायच्या आणि मी पुन्हा पाण्यात जायची.

शिबिराचं खूळ आलं ते आदल्या वर्षीच्या शर्यतीमुळे. समुद्रात पोहून सासूबाई मजेत बाहेर आल्या, पण सायकलच्या चढावर वेळ गेला आणि एका पोरसवद्या पंचानं त्यांना रस्त्याच्या कडेला थांबवून वेळ मोजायचा पायातला पट्टा काढून घेतला. बाद. त्या घरी आल्या, सायकल पुसून ठेवली आणि आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत. मग कुठूनसं कळलं की डोंगरावर पातळ हवेत राहून सराव केला की खाली आल्यावर चढ सोपे जातात. झालं. माझा नवरा अभिनंदन म्हणाला, आई एकटी नको, तू जा. मी विचारलं, तू का नाही. तो म्हणाला, मला चढ मानवत नाही. हा माणूस सांगलीत राहतो.

तर अशी मी सून ती सून, वर सोबतीण, आणि हळूहळू मला त्या शिबिराची सवयही झाली. नदी बर्फाची, तिच्यात पोहणं अशक्य. म्हणून सर आम्हाला खांबाला बांधलेल्या रबरी दोऱ्या ओढायला लावायचे, बाकावर पालथं पडून. कृष्णेच्या पुरात पोहलेल्या बाई लाकडी बाकावर पालथ्या पडून हवेत हात मारताहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. स्वयंपाकी अंगरूप लाहौलचाच, गाडीही तोच चालवायचा. तो सगळ्यांना लसणाचं सूप पाजायचा, उंचीवर लसूण चांगला म्हणून. आम्ही जैन. माझं काही एवढं कडक नाही, पण सासूबाई लसणाच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत. शिवाय सूर्य मावळायच्या आत जेवायचं. तिथे सूर्य दुपारीच डोंगराआड जायचा. डोंगराआड गेला म्हणजे मावळला का, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मावळलाच असं ठरवून चार वाजता जेवायला लागल्या. बिचारा अंगरूप त्यांच्यासाठी दुपारभर चूल पेटती ठेवायचा.

बिघडलं ते वरच्या खिंडीच्या वाटेवर सायकली नेल्या तेव्हापासून. सगळे जिथून परतले, तिथून सासूबाई आणखी दोन वळणं वर गेल्या, निकुंभ गेले नव्हते म्हणून. दुसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला. कोरडा, खुसखुसता. धूळ गेली म्हणाल्या. मग तंबूपासून न्हाणीपर्यंत जाताना मध्ये थांबायला लागल्या. बुटाची नाडी बांधायला. त्यांच्या बुटाला नाडी नव्हती, चिकटपट्टी होती. जेवण अर्ध्यावर टाकलं. आणि तरी सकाळी चिमटा लावला की एक्क्याण्णव.

दुपारी त्या झोपल्या होत्या. झोपल्या म्हणजे उशांना टेकून बसल्या होत्या, आडवं पडलं की खोकला यायचा. तोंड उघडं, ओठ जांभळट, आणि छातीत बारीकसं काहीतरी बुडबुडत होतं. मी पर्समधला चिमटा काढून हळूच बोटाला लावला. एकोणसत्तर. मला वाटलं बोट गार असेल. चोळलं, दुसऱ्या हाताला लावला. अडुसष्ट. करोनात हा आकडा सांगत लोक दुकानाच्या दारात उभे राहायचे, आणि त्यातले बरेच परत आले नाहीत.

त्या जाग्या झाल्या. बोटाकडे पाहिलं, चिमटा काढला आणि माझ्या हातात ठेवला.

“आई, आपण खाली जाऊ,” मी म्हणाले.

“झोपेतला आकडा धरत नाहीत.”

“पाणी होतंय छातीत. मला ऐकू येतंय.”

“सुजया,” त्या म्हणाल्या, आणि मध्ये श्वास घ्यायला थांबल्या. “मला कुणी रस्त्याच्या कडेला उभं केलेलं आता चालणार नाही. समजलं?”

समजलं. मी उठले आणि तडक फडतरे सरांना जाऊन सगळं सांगितलं. सर भला माणूस, लगेच निघाले. पण बूट घालून, टोपी घालून, वाटेत दोघांशी बोलून ते तंबूत येईपर्यंत सासूबाई भाता मारून तयार होत्या. ताठ बसलेल्या, बोट काखेत. एकोणनव्वद आला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या की पोरगी घरच्या आठवणीनं हैराण झालीय, तिला परत जायचं निमित्त हवंय. सर मला म्हणाले, होतं असं वहिनी, आज लसणाचं सूप घ्या. मी हात टेकले. अभिनंदनला फोन लावायचा तर तिथे फोनला रेंज नव्हती, आणि लागला असता तरी तो आईला काय सांगणार होता? तो अजून त्यांच्यासमोर पाय पसरून बसत नाही.

त्यांचा खूप राग आला होता मला. आणि भीतीही तेवढीच वाटत होती. ही बाई इथे मरेल आणि मरतानाही निकुंभांपेक्षा दोन आकडे वर असेल, असं वाटत होतं.

सकाळी मी जागा बदलली. रोज मी खांबाकडे, सासूबाईंच्या पलीकडे बसायची; त्या दिवशी अलीकडे बसले. सर माझ्याकडे आधी येणार, मग त्यांच्याकडे. सासूबाईंनी काही विचारलं नाही. त्यांना बोलायला श्वास पुरत नव्हता. सर निकुंभांचं बोट धरून उभे होते, तेवढ्यात मी सगळा श्वास बाहेर सोडला आणि दम धरला.

कृष्णेत छाती भरून बुडी मारायची. इथे छाती रिकामी, आणि हवा आधीच पातळ. क्षणात कानशिलं ठणकायला लागली. सर माझ्यासमोर आले. मी बोट दिलं. आकडा नव्वद होता. माझा नेहमी नव्वदच्या वरच असायचा. मी शर्यतीत नव्हते म्हणून कुणाचं लक्ष नव्हतं एवढंच. सर म्हणाले, वहिनी छान. मग तो हलायला लागला. पंच्याऐंशी. एकोणऐंशी. सरांनी चिमटा काढून, फुंकर मारून परत लावला. चौऱ्याहत्तर. अंगात जाड जाकीट, गळ्यापर्यंत मफलर, तोंड मिटलेलं. मी निवांत दिसत असेन अशी माझी समजूत होती.

“वहिनी, काही होतंय का?” सरांनी विचारलं.

मी बोलणार कशी? बोलले तर श्वास आला. मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले.

“वहिनी, तुमचं नाव सांगा.”

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. उंचीवर मेंदूला सूज आली की माणूस आपलं नाव विसरतो, असं त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सत्तर. निकुंभ उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर बोटं नाचवायला सुरुवात केली. माझ्या डोळ्यांपुढे काळे ठिपके आले होते. आणखी कुणी काही विचारलं तर आता सुटणार, एवढंच मला कळत होतं.

“तिला बोलता येत नाहीये, सर,” सासूबाई शेजारून म्हणाल्या. “दिसत नाही का? गाडी काढा.”

सर अंगरूपला हाका मारत धावले. मी जाकिटात तोंड खुपसून श्वास घेतला. सासूबाईंचा हात माझ्या पाठीवर होता. मी मनात वाद तयार ठेवला होता. नियम आहे आई, सोबत आलेल्यानं उतरायचंच, तुम्ही नाही आलात तर मीही हलणार नाही, असं सगळं. त्यातलं एक वाक्यही लागलं नाही. त्या उठल्या, खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझी पिशवीही घ्या.

त्यांच्या बोटाला त्या सकाळी चिमटा लागलाच नाही.

गाडीत मला मागे आडवं केलं होतं, रुग्ण म्हणून. सासूबाई पुढे अंगरूपशेजारी. त्यानं थर्मास भरून लसणाचं सूप दिलं होतं आणि दर वळणाला तो आरशातून बघायचा मी पितेय का ते. मी सगळं प्यायले. सासूबाईंनी खिडकीची काच खाली केली. मनालीकडचा बोगदा ओलांडून उतार लागला तोवर त्यांची मान कलली होती आणि मी आडवं पडायचं सोडून मागून त्यांचं डोकं धरून बसले होते. अंगरूप मग माझ्याकडे बघायचा थांबला आणि गाडी जोरात हाणायला लागला.

मनालीच्या दवाखान्यात आधी मलाच खाटेवर घेतलं. चिमट्यानं सत्त्याण्णव दाखवला. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, नक्की पेशंट कोण? मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. मग धावपळ झाली. फुप्फुसांत पाणी झालं होतं. आणखी एक रात्र वर काढली असती तर गाडीचा उपयोग झाला नसता, असं ते म्हणाले. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले. अंगरूपनं कुठूनसा चहा आणून दिला.

सासूबाई बऱ्या झाल्या. त्या वर्षी शर्यत नाही, असं सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं. पुढच्या वर्षी मात्र गेल्या, डोंगराबिंगराच्या भानगडीत न पडता, आमच्याच दंडोबाच्या चढावर सायकल घासून. वेळेत आल्या, साठीच्या गटात दुसऱ्या. गटात दोघीच होत्या; तेवढं त्या सांगत नाहीत.

हिमालयाचं विचारलं की मात्र सांगायच्या. घाटावर, देवळात, लग्नात. सुनेला उंची मानवली नाही हो, म्हणून अर्ध्यातून उतरावं लागलं. लोक माझ्याकडे कीव करत बघायचे. दुकानात येणाऱ्या बायका मला लोह घ्यायला सांगायच्या. गोळ्या माझ्याच फळीवरच्या. मी ऐकून घ्यायची. घरी अभिनंदनलाही काही बोलले नाही. अशी काही वर्षं गेली.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंचा गुडघा गेला, तेव्हापासून त्यांचा पोहण्याचा वर्ग मी घेते. त्या पायरीवर खुर्ची टाकून बसतात आणि मी काय चुकते ते सांगतात. एका रविवारी पोरींना पाण्याखाली दम धरायचा कसा ते दाखवून मी वर आले.

“सुजया, खांदे खाली,” पायरीवरून आवाज आला.

“हो आई.”

“इतकी वर्षं सांगतेय. अजून कानाला लागतात.” त्यांनी गुडघा चोळला. “तिकडे त्या बाकावर बसलीस तेव्हाही लागले होते. जाकिटातून दिसत होते.”

मी कमरेभर पाण्यात उभी राहिले. पोरी एकमेकींवर पाणी उडवत होत्या.

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“बोलले की. तुला बोलता येत नाहीये म्हटलं. तो मास्तर तुला नाव विचारत बसला होता, तुझा दम सुटला असता.”

“तसं नव्हे. तुम्हाला उतरायचं होतं तर आधीच—”

सासूबाई पुलाकडे बघत राहिल्या. “घाबरले होते गं,” त्या म्हणाल्या. “श्वास लागायचा आणि वाटायचं, आता गेले. पण जमत नाही म्हणायचं कसं? तीस वर्षं पोरींना म्हणू दिलं नाही. मला कुठून येणार?”

तेवढ्यात पोरींपैकी एकीची आई डबा घेऊन पायऱ्या उतरत आली आणि सासूबाईंशेजारी टेकली. बोलता बोलता तिनं विचारलं, बाई, तुम्ही म्हणे हिमालयात गेला होता?

“गेले होते,” सासूबाई म्हणाल्या. “पण सुनेला उंची मानवली नाही.”

त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि च् च् केलं. सासूबाईही माझ्याकडेच बघत होत्या. मी छाती भरून घेतली, खांदे खाली ओढले आणि पाण्याखाली गेले.